यादीतली सोमारी

घुग्घुस, ८ जुलै २०२४

नाहीदबाईंना लोकेशचा जय सेवा.

सहा महिन्यांनी लिहितोय, तेव्हा आधी बोलणी खाऊन घेतो. फॉन्टचं काम संपलं आणि आपलं पोस्टखातं बंद पडलं. सोमारी आत्याची गाणी उतरवायला मी गोंडी अक्षरं कागदावर काढून पाठवायचो, आणि एखाद्या अक्षराचा पाय वाकडा आला की तुम्ही लाल पेनाने गोल करून परत धाडायच्या. आत्या गेली. फॉन्टला तुम्ही तिचंच नाव दिलं. आजवर तो दोनच कॉम्प्युटरांत आहे, एक तुमचा आणि एक माझा. इतका कमी खपलेला फॉन्ट दुसरा नसेल.

मी सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडेच आहे. कंट्रोल रूममध्ये बसून माल वाहणारे बेल्ट चालू-बंद करतो. रजा मागायची, पाळी बदलायची ती आता ठेकेदाराच्या वेबसाइटवर. खोलीवर लॅपटॉप आहे म्हणून माझं सोपं जातं.

२१ जूनला मुखरूचा उजवा हात बेल्टमध्ये गेला. बेल्टखाली सांडलेला माल साफ करायचं काम त्याचं. हात कोपराखाली काढावा लागला. बेल्टच्या कडेने शेवटपर्यंत एक दोरी असते, कुठूनही ओढली की बेल्ट थांबतो. रजिस्टरात लिहिलंय, 'दोरी ओढली नाही, स्वतःचा निष्काळजीपणा.' मी दवाखान्यात गेलो तर तो एकच धरून बसला होता. म्हणाला, "मी ओढली, लोकेशभाऊ. तीन डाव ओढली. बेल्ट काऊन नाई थांबला, तेवढं मले सांगा."

कारण मला माहीत आहे. पावसात दोरीचा स्विच भिजतो, बेल्ट उगाच बंद पडतो, म्हणून स्विचवरून तार टाकून दोरी बाद करून ठेवली आहे. ती ओढली तरी माझ्या स्क्रीनवर तिचा दिवा हिरवाच दिसतो. आजही हिरवाच आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. माझा मावसभाऊ अतुल, मुलचेऱ्याचा, त्याला एका वेबसाइटवर काही लिहायचं आहे आणि ते कोणी लिहिलं हे कळू द्यायचं नाही. नाव टाकलं नाही म्हणजे झालं ना? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो.

तुमचा,
लोकेश

*

चंद्रपूर, १५ जुलै २०२४

लोकेश,

सलाम. घुग्घुस ते चंद्रपूर पंचवीस किलोमीटर, आणि पत्राला पाच दिवस. तू पायी निघाला असतास तरी जेवून परत गेला असतास.

मुखरूचं वाचून वाईट वाटलं. त्याला तू काय उत्तर दिलंस, ते लिहिलं नाहीस.

आता अतुलचं. नाव न टाकून काही होत नाही. ताडोब्यात वाघ मोजतात तेव्हा त्याला नाव कोण विचारतं? झाडाला कॅमेरा बांधलेला असतो, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून कळतं की हा परवाचाच. ब्राउझरलाही पट्टे असतात. वेबसाइट उघडली की ती गुपचूप पाहून घेते: स्क्रीन केवढी, भाषा कोणती, घड्याळ कुठलं, चित्र कसं रंगवतो, फॉन्ट कोणकोणते. यातली एकेक गोष्ट लाखोंकडे सारखी असते, पण सगळ्या मिळून तशाच्या तशा फार थोड्यांकडे. कुकीज पुसल्या तरी पट्टे तेच राहतात. मला हे कसं माहीत ते विचारू नकोस, पोटापाण्याचा भाग आहे.

उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन. लॅपटॉपच्या पोटात दुसरा लॅपटॉप. आहे ते सगळं खोटं: त्याची स्क्रीन खोटी, डिस्क खोटी, ग्राफिक्सचं कार्डही खोटं. आतलं काम त्याच्याच पट्ट्यांनी होतं, बाहेरच्या मशीनचे पट्टे दिसत नाहीत. हे मशीन बनावट आहे एवढं समोरच्याला कळतं, कोणाचं ते कळत नाही. मात्र एक पथ्य पाळायचं. आपलं काही आत नेऊ नकोस. आवडीचा वॉलपेपर नाही, सवयीचा कीबोर्ड नाही, एक फाइलसुद्धा नाही. खोक्यातून आलं तसंच बेचव ठेव. कामाच्या ठिकाणचं वायफाय वापरू नकोस. काम झालं की ते मशीन पुसून टाक.

सोबतच्या कागदावर सगळं क्रमाने लिहिलंय. अतुलला जमेल. तुलासुद्धा जमेल.

नाहीद

*

घुग्घुस, ६ ऑगस्ट २०२४

नाहीदबाई, जय सेवा.

अतुलचं काम झालं. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही म्हणून माझ्याच लॅपटॉपवर केलं. इथल्या नेटवर ती मोठी फाइल उतरायला दोन रविवार गेले. लॅपटॉप इतका तापला की खाली ओलं पोतं घातलं. तिसऱ्या रविवारी आतला लॅपटॉप उघडला. निळा पडदा, त्यावर काही नाही. मला ते आवडलं, नव्या घरासारखं वाटलं. तुमचा कागद समोर ठेवून एकेक ओळ पाळली. नवं यंत्र म्हणून आधी त्याचं नवं केलं, मग कामाला हात लावला. पाठवलं तेव्हा पावती क्रमांक आला, तो लिहून घेतला आणि मशीन पुसून टाकलं.

मुखरू घरी आलाय. डाव्या हाताने जेवायला शिकतो आहे. त्याची बायको मंगली दर दोन दिवसांनी गेटवर येते. पैशाचं बोलत नाही. म्हणते, रजिस्टरातली ती ओळ खोडा. गेटवरचा माणूस तिला सांगतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

दोरीचा दिवा अजून हिरवाच आहे. तिच्याखाली आता मुखरूच्या जागी दुसरा माणूस काम करतो. मी त्याला सांगून ठेवलंय, दोरीच्या भरवशावर राहू नको. यापेक्षा जास्त सांगायची मला हिंमत होत नाही. अतुल म्हणतो, पंधरा दिवसांत काहीतरी होईल.

लोकेश

*

चंद्रपूर, २८ ऑगस्ट २०२४

लोकेश,

नव्या यंत्राला अगरबत्ती ओवाळलीस की नारळ फोडलास? तुझा मशीनवरचा भक्तिभाव वाचून आमच्या अम्मी खुर्शीदा खूश झाल्या. म्हणाल्या, मुलगा संस्कारी आहे. मी म्हटलं, मुलगा लॅपटॉपखाली ओलं पोतं घालतो.

उशीर झाला कारण ऑफिसात एक नसतं काम डोक्यावर आलंय. सांगू नये, पण पत्राला कोण पाहतंय. आम्ही कंपन्यांना 'निनावी तक्रारपेटी' बनवून देतो. कामगाराने वेबसाइटवर जायचं, नाव न देता लिहायचं. पेटीमागे पट्टे टिपणारा भाग आहे, तो माझ्या हातचा. मला सांगितलं होतं की एकाच माणसाने शंभर तक्रारी टाकून त्रास देऊ नये यासाठी. तो लिहिताना मी आळस केला. कोणकोणते फॉन्ट तपासायचे याची यादी हवी होती, तर माझ्याच मशीनवरची चारशे नावं उचलून जशीच्या तशी चिकटवली.

आता एका ग्राहकाला एक तक्रार कोणी केली ते हवंय. त्यांच्या रजेच्या वेबसाइटवरही आमचंच काम आहे, तिथे माणसं नावानिशी येतात. दोन्हीकडचे पट्टे जुळवायचे की झालं. ग्राहक आमच्याकडे नुसता नंबराने असतो, हा सतरा नंबरचा. तक्रारीचा मजकूरही मी उघडायचा नसतो, नुसते पट्टे पाहायचे. मी गुणवंतरावांना, म्हणजे आमच्या मालकांना, म्हटलं की पेटीवर 'निनावी' लिहिलंय. ते म्हणाले, "नाव विचारत नाई आपण. वळखत नाई, असं कुठी लिहिलंय?"

पोळा झाला की जुळवणी करायची आहे. मला ते बरं वाटत नाही. पण नोकरी आहे, आणि तो माणूस कोण हे मला ठाऊकही नाही.

नाहीद

*

चंद्रपूर, ११ सप्टेंबर २०२४

लोकेश,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर बंद. मुलचेऱ्याकडे पुलावरून पाणी आहे असं ऐकलं, तेव्हा तू गावी अडकला असशील असं धरून चालते. हे पत्र खोलीवर पडून राहील आणि तू आल्यावर वाचशील. एका परीने बरंच आहे.

तीन तारखेला मी जुळवणी केली. तक्रार व्हर्च्युअल मशीनमधून आलेली होती. कसलीच खूण नाही. करणाऱ्याचं कौतुक वाटलं. पडदा ठरावीक, भाषा ठरावीक, घड्याळसुद्धा मूळचं. चारशे फॉन्टांपैकी खोक्यात येतात तेवढेच होते. आणि एक जास्तीचा. सोमारी.

मी उठून पाणी पिऊन आले. मग रजेच्या वेबसाइटवर तो फॉन्ट कोणाकडे आहे ते पाहिलं. एकच ओळ आली, तुझ्या नावाची. त्यानंतर मी पहिल्यांदा तक्रार उघडून वाचली. दोरी, तार, हिरवा दिवा, मुखरूचं नाव. अतुल कुठेच नव्हता. मी जन्मात कधी इतकी मूर्ख ठरले नव्हते. राग तुझ्यावर आला आणि लाज माझी वाटली, दोन्ही एकदम.

गुणवंतराव संध्याकाळी निकाल मागणार होते. मी त्यांना सांगितलं की ही तक्रार खरी नाही, पेटी तपासताना मीच टाकली होती, घुग्घुसच्या एका मित्राकडून ऐकलेला मजकूर नमुना म्हणून घातला आणि पुसायची राहिली. पुरावा म्हणून माझ्या मशीनवरचा सोमारी फॉन्ट दाखवला. "हा माझाच, मीच बनवलाय," म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी मला पाऊण तास झापलं आणि ग्राहकाला माफीचं पत्र पाठवलं. रजेच्या वेबसाइटचा निकाल त्यांनी मागितलाच नाही, कारण आता जुळवायचं काही उरलं नव्हतं.

तुझं नाव कोणाला कळलेलं नाही. तुझी नोकरी शाबूत आहे.

हे लिहून मी थांबणार होते. पण काल ग्राहकाकडून उत्तर आलं: चाचणीची नोंद असल्याने तक्रार रद्द, कारवाईची गरज नाही. म्हणजे दोरी तशीच राहणार. तुला वाचवायला मी तुझी तक्रार खोटी ठरवली, आणि हे मला आठ दिवसांनी कळलं.

एवढं सांग. मी बजावूनही तू फॉन्ट आत का नेलास?

नाहीद

*

घुग्घुस, २० सप्टेंबर २०२४

नाहीदबाई, जय सेवा.

काल आलो. दोन्ही पत्रं दाराखाली होती. आधी २८ तारखेचं वाचलं आणि खाली बसलो. मग दुसरं वाचलं.

नव्याच्या पूजेला गावी गेलो होतो. पाणी चढलं, अकरा दिवस अडकलो. आमच्यात नवं धान आधी पेनाला, म्हणजे आमच्या देवाला देतात. ते झाल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. तेच नव्या नांगराचं, नव्या टोपलीचं. मी कॉम्प्युटर शिकलो तेव्हा सोमारी आत्याने विचारलं होतं, याचं नवं कोण करते? मग मी सवय लावून घेतली. नवं मशीन हातात आलं की आधी पेनाचं नाव आपल्या अक्षरांत लिहायचं, मग बाकीचं. त्या रविवारीही तेच केलं. अक्षरं उमटायला फॉन्ट लागतो, तो टाकला, नाव लिहिलं, आणि मग तुमचा कागद पुढे घेतला. तुम्ही लिहिलं होतं, आपलं काही आत नेऊ नको. मी वॉलपेपर नेला नाही, फाइल नेली नाही. हे आपलं काही आहे असं मनातच आलं नाही. जेवायच्या आधी हात धुतो, तसं ते झालं.

तुम्हीसुद्धा यादी चिकटवताना सोमारी मोजली नाही. तेव्हा दोघांनी मिळून केलं म्हणा.

अतुलचं खोटं बोललो, त्याची माफी मागतो. तुम्हाला यात ओढायचं नव्हतं.

आता दुसरं. नोकरी शाबूत आहे हे वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं. ते लपवत नाही. मग पाळीवर गेलो. दिवा हिरवा, खाली तो नवा माणूस वाकून माल ओढतोय. त्यानंतर तुमचा राग आला. तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी गावी होतो, फोन बंद होता, सगळं खरं; तरी राग आला. जे मी तीन रविवार खपून लिहिलं ते आता कोणीच लिहिलेलं नाही.

मुखरूकडे जाऊन आलो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर जूनपासून देणं होतं, ते दिलं. तार कुठे आहे, कशी आहे, मला कधीपासून ठाऊक आहे, सगळं सांगितलं. तो मंगलीला म्हणाला, "आयकलं? मी ओढली होती." तिने मला चहा दिला.

सोमवारी चंद्रपूरला येतोय, म्हणून हे पत्र पोस्टाने न धाडता बसवाल्याच्या हाती देतो. कारखान्यांच्या सुरक्षेचं सरकारी कार्यालय आहे तिथे अर्ज देणार, कागदावर, हाताने लिहिलेला, खाली नाव आणि सही. अर्ज लिहून झाला तेव्हा आमचा वायरमन नूर मोहम्मद खोलीवर आला होता. त्याने वाचला आणि पेन मागितलं. म्हणाला, "तार मीच टाकली होती. सायबानं सांगितलं म्हून टाकली. तुमचं नाव आहे त मायंही राहू द्या." त्याची सही माझ्या खाली आहे. वेबसाइटवर लिहिलं तेव्हा त्याला हे कळलंच नव्हतं की दुसरं कोणी बोलतंय.

लोकेश

*

चंद्रपूर, २२ सप्टेंबर २०२४

लोकेश,

हे पत्रही पोस्टाने नाही, घुग्घुसला जाणाऱ्या मोहसीनच्या हाती देते आहे, म्हणजे तुला सोमवारच्या आत मिळेल. मोहसीन माझा भाऊ. तोंडाने काही विचारू नकोस, त्याला यातलं काही माहीत नाही.

सोबत दोन कागद आहेत. पहिला तुझ्या मूळ तक्रारीची छापील प्रत, तारीख आणि पावती क्रमांकासकट. पुसण्याआधी काढून ठेवली होती. दोरीचं कंपनीला ४ ऑगस्टपासून ठाऊक होतं, हे त्यावरून दिसतं. दुसऱ्या कागदावर मी लिहून दिलंय की ही चाचणी नव्हती, मी खोटं बोलले होते. खाली माझी सही आहे. दोन्ही अर्जाला जोड.

गुणवंतरावांना मी काल स्वतःच सांगितलं. त्यांनी मला महिनाअखेरपर्यंत राहायला सांगितलंय, काम दुसऱ्याला समजावून द्यायला. निनावी पेटीचं काम मी समजावणार नाही असं म्हटलं, तर ते म्हणाले मग उद्यापासूनच नको. तेव्हा मी मोकळी आहे.

तू म्हणतोस विचारायला हवं होतं. हो. मला त्या वेळी फक्त तू दिसत होतास.

नाहीद

*

घुग्घुस, २१ ऑक्टोबर २०२४

नाहीदबाई, जय सेवा.

सरकारी अधिकारी गुरुवारी आले. ते येणार हे आदल्या दिवशीच कारखान्याला कळलं होतं, आणि नूर मोहम्मदला तार काढायला सांगितलं गेलं. त्याने काढली, पण फेकली नाही. कागदात गुंडाळून अधिकाऱ्यांपुढे ठेवली. तुमचे दोन्ही कागद त्यांनी दोनदा वाचले. 'नाहीद कोण?' विचारलं. मी सांगितलं, फॉन्ट बनवतात. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

रजिस्टरातल्या ओळीवर त्यांनी शेरा मारलाय की ती तपासाधीन आहे. खोडलेली नाही. मला कंट्रोल रूममधून काढलं, आणि ठेकेदाराने कालच सांगितलं की एक तारखेपासून येऊ नको. नूर मोहम्मदचं अजून ठरलेलं नाही. मी आता मुलचेऱ्याकडे जाईन. तिथे अतुल आहे, खरोखरचा. त्याला मी तुमच्याबद्दल सांगितलं, तर म्हणतो, माझ्या नावावर काय काय लिहिलंस ते तरी दाखव.

तुम्ही मोकळ्या आहात तर आत्याची उरलेली गाणी घेऊ. एकोणीस आहेत. अक्षरं पुन्हा कागदावरच पाठवीन. यादीतून सोमारीचं नाव कोणी काढलं नसेल तर राहू द्या.

एक सांगायचं राहिलं. जबाबासाठी अधिकाऱ्यांनी मुखरूलाही बोलावलं होतं. बेल्ट चालू करून दोरी तपासायची ठरली तेव्हा ते स्वतः ओढायला पुढे झाले. मुखरू म्हणाला, मी ओढतो. सगळे बाजूला झाले. मी त्या दिवशी शेवटच्यांदा कंट्रोल रूममध्ये होतो, काचेतून दिसत होतं. तो बरोबर त्याच जागी जाऊन उभा राहिला आणि डाव्या हाताने एकदाच ओढली. माझ्या स्क्रीनवर दिवा लाल झाला आणि बेल्ट थांबला. तो दोरी सोडेना. बाकीचे लोक तिथून निघाले तरी तो ती धरून उभाच होता, आणि मी बेल्ट पुन्हा चालू केला नाही.

लोकेश